मनूची ओंजळ आणि तळ्यातला रोहू

शतपथ ब्राह्मणात हात धुताना मनूच्या हाती एक चिमुकला मासा लागतो आणि अभय मागतो, कारण माशालाच मासा गिळतो. कौटिल्याने यालाच मत्स्यन्याय म्हटले आणि राजा नसलेल्या समाजाला तो लावला. मत्स्यपालन टिकेल का, हे ठरवायलाही मला हीच कसोटी खरी वाटते: एक मासा पोसण्यासाठी किती लहान मासे संपतात आणि कोणाचे पाणी नासते?

2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात, समुद्र नाही; इथे मत्स्यपालन म्हणजे तलाव, शेततळी आणि त्यांतले कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या पाण्यातली वनस्पती, मृगळ तळाचे कुजलेले. बेताने शेणखत टाकले की हे अन्न पाण्यातच तयार होते. किनाऱ्यावरच्या कोळंबीचे तसे नाही. तिच्या खाद्यात समुद्रातल्या लहान मासळीची भुकटी लागते आणि तिच्या खाऱ्या तळ्यांनी शेजारची शेते व विहिरी बिघडल्या. त्याविरुद्ध भूदानातले कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 11 डिसेंबर 1996 रोजी किनारपट्टीतली अशी तळी हटवण्याचा आदेश मिळवला. दोन्हींना मत्स्यपालन म्हणतात, पण धर्म एक नाही.

माळकरी म्हणेल, हिंसा ती हिंसाच. त्याचे म्हणणे मी हलके लेखत नाही. रोहूलाही जीव आहे. पण ताट शुद्ध ठेवून हिंसा संपत नाही. शेजारच्या वरूड-मोर्शीत संत्र्याच्या बागांसाठी भूजलाचा अतोनात उपसा झाला. पाणी आटले की त्यातले जीवही जातात, आणि त्यांची गणती कोणी करत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: कटला-रोहूसारखे कार्पही निर्दोष नाहीत. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 1957 साली हिरालाल चौधुरींनी संप्रेरक टोचून प्रजनन साधले, तोवर मत्स्यबीज मुख्यतः नदीतून उचलावे लागे. आज ते हॅचरीतून येते, म्हणून नदीवरचा भार हलका झाला. पण बीज मुबलक झाल्याने हावही वाढली. मासा वाढला तसे मनूने भांडे बदलले, घागरीतून खड्ड्यात, खड्ड्यातून समुद्रात. आपण तळे तेच ठेवून बोटुकल्या दुप्पट सोडतो, वर खाद्य ओततो. मग उन्हाळ्यात पाणी उतरते, रात्री प्राणवायू घटत जातो आणि पहाटे सगळे तळे तोंड वर काढून हवा गिळू लागते.