श्वासाचे विष

ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो. नाव सार्थ आहे, परंतु अर्धेच. पेशीच्या तंतुकणिकांमध्ये अन्नापासून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत अखेर ऑक्सिजनपाशी पोचतात आणि पाणी तयार होते. या प्रवासात लाभणाऱ्या ऊर्जेवर आपण जगतो. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला अवेळीच चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड जन्मते आणि पेशीतील कित्येक नाजूक विकरांची नासधूस करते. हलाहलाची कथा येथे सहज आठवते. पण ते एकदाच वर आले, हे मंथन मात्र क्षणभरही थांबत नाही.

१९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिले की, तांबड्या रक्तपेशींतील एका परिचित प्रथिनाचे काम या विषाचा बंदोबस्त हेच आहे. हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. तेही विषारीच, मग कॅटालेजसारखी विकरे त्याचे पाणी करतात. मात्र सगळ्याचे नव्हे. थोडे पेरॉक्साइड पेशी राखून ठेवते, निरोप्यासारखे वापरते. आणि श्वेतपेशी तर जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम निर्माण करतात. ज्या मुलांना जन्मतःच ही शक्ती नसते, त्यांना जंतुसंसर्ग पुनःपुन्हा गाठतो.

मला प्रश्न पडतो तो शुद्धीच्या कल्पनेविषयी. दोष म्हणजे बाहेरून आलेला डाग, तो पुसला की मूळचे निर्मळ रूप उरेल, अशी आपली श्रद्धा असते. स्वतःच्या मनाविषयी आणि, अधिक भयावह म्हणजे, समाजाविषयीही. निसर्गाकडून नीती उसनी घेण्यात धोका आहे, हे मी जाणतो. पेशी काही सहिष्णुतेचे पाठ देत नाही. तरीही ही श्रद्धा केवळ विचारांत राहत नाही, ती माणसांच्या देहावर येते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. अशा विषांना आवर घालणारे म्हणून ख्यात असलेले बीटा-कॅरोटीन त्यांतील काहींना गोळीतून वर्षानुवर्षे देण्यात आले. १९९४ साली निष्कर्ष आला: ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्के अधिक आढळला. गोळी देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. घेणाऱ्यांनी ती विश्वासाने, रोज, न चुकता घेतली होती.