सवलत की सोय?

दहावीच्या परीक्षेचे दिवस आले की पालकांच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. अमुक मुलाला लेखनिक मिळाला, तमुक मुलीला तासामागे २० मिनिटं जादा मिळाली. मग बाकीच्यांवर अन्याय नाही का झाला? हा प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नसतात. एकेका गुणावर प्रवेश ठरत असेल, तर दुसऱ्याला मिळालेली मिनिटं मोजली जाणारच. म्हणून चिडून उत्तर देण्यापेक्षा हा प्रश्न नीट तपासून पाहावा, असं मला वाटतं. माझं काम भाषांतराचं. त्यामुळे सुरुवात शब्दापासून करते.

या व्यवस्थेला आपण सर्रास 'सवलत' म्हणतो. सवलत एसटीच्या तिकिटात मिळते, दिवाळीत कापडाच्या दुकानात मिळते. खरी किंमत ठरलेली असते आणि काहींना ती कमी भरावी लागते. पाहुणा घरी आला तर मात्र आपण त्याची 'सोय' करतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला पंगतीत पाटाऐवजी खुर्ची दिली, तर तिनं जेवणात सवलत घेतली असं कुणी म्हणत नाही. जेवण तेच, वाढणारे तेच. बसायची जागा तेवढी बदलली. शिवाय 'सोय'चा विरुद्धार्थी शब्द भाषेनं तयारच ठेवला आहे: गैरसोय. सोय झाली नाही तर कुणाला काय सोसावं लागतं, ते त्या शब्दातून दिसतं. 'सवलत' हा शब्द तेवढं झाकून ठेवतो. कायद्याच्या इंग्रजीत ज्याला 'रिझनेबल अकॉमोडेशन' म्हणतात, त्याचं भाषांतर करायची वेळ आली तर मी 'वाजवी सोय' असंच करीन.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. १९९५च्या कायद्यात ती नव्हती. बुद्धी शाबूत आहे, शिकवणंही पुरेसं आहे, तरी वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांपैकी काहीतरी हाती लागत नाही, असा तिचा ढोबळ अर्थ. वैद्यकाला ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे. १८९६मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरनं १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. मुलगा चलाख होता, गणितात अडत नव्हता, पण स्वतःचं नाव लिहितानाही त्याची अक्षरं उलटसुलट होत. शाळेत सगळं तोंडी शिकवलं तर हाच मुलगा सर्वांत हुशार ठरेल, असं त्याच्या शिक्षकाचं मत मॉर्गननं नोंदवलं आहे. त्या शिक्षकानं मुलाचं बोलणं ऐकलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. वहीत दिसत नाही म्हणून डोक्यातही नाही, असं त्यानं धरलं नाही.

माझा भाचा बडोद्यात वाढतो आहे. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि वर हिंदी विषय. त्याच्यामुळे मी आपल्या लिप्यांकडे नव्यानं पाहायला लागले. 'किती' म्हणताना आधी क ऐकू येतो. लिहिताना मात्र वेलांटी आधी. 'अर्थ' म्हणताना र आधी येतो आणि थ नंतर. कागदावर तोच र थच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. उच्चार वेगळे, अक्षरं तीच. देवनागरीशी जेमतेम ओळख होते तोच गुजराती लिपी शिरोरेषा काढून घेते. आणि इंग्रजीत एकच अक्षर दर शब्दात वेगळा आवाज काढतं. आपल्याला हे अवघड वाटत नाही, कारण आपण ते कधीच विसरून गेलो आहोत.

२००१मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिसलेक्सिक प्रौढांची तुलना होती. वाचताना तिघांच्याही मेंदूत कमी सक्रिय असणारा भाग एकच होता. तरी इटालियन लोकांचं वाचन इतरांपेक्षा बरंच अचूक होतं, कारण त्यांच्या भाषेत जसं लिहिलं तसं बोललं जातं. अडचण सारखीच, गैरसोय मात्र भाषेगणिक कमी-जास्त. म्हणजे त्या गैरसोयीचा काही भाग मुलात नसतोच. तो लिपीत असतो, छापील पानात असतो, तीन तासांच्या घड्याळात असतो. ज्यांना हे पान आणि हे घड्याळ मानवतं, त्यांची सोय आधीच झालेली आहे. फक्त तिला कुणी सोय म्हणत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही ही गोष्ट आली. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, २०२१मध्ये, न्यायालयानं सांगितलं की ४० टक्के दिव्यांगत्व भरत नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. वाजवी सोय करणं हा समानतेचाच भाग आहे, अशी त्यामागची भूमिका.

पालकांच्या प्रश्नाचा एक भाग मात्र यानंतरही उरतो, आणि तो खरा आहे. ऱ्हस्व-दीर्घ येतं की नाही हेच तपासायचं असेल, तर लेखनिकाच्या वेलांट्यांवर मुलाला गुण कसे द्यायचे? ते देऊ नयेत, असंच मी म्हणेन. पण मग हेही विचारावं लागेल की इतिहासाच्या पेपरात आपण काय तपासतो आहोत. रशियन न येणारा माणूस टॉलस्टॉय मराठीतून वाचतो, त्यावर वाद घालतो, आणि त्याला कुणी 'तुम्ही सवलत घेतलीत' म्हणत नाही. त्याची रशियन भाषेची परीक्षा नव्हती, एवढं आपण समजून घेतो. तेवढी समज भूगोलाच्या पेपरालाही दाखवता येईल.

भाषांतरात एक शिस्त असते. एखादं वाक्य उलगडलं नाही तर मी ते निरर्थक आहे असं म्हणत नाही. अर्थ आहे, मला अजून दिसलेला नाही, असं धरून पुन्हा वाचते. मुलांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. आळशी आहे, लक्ष नाही, मुद्दाम करतो, हे शेरे भाच्याच्या वहीत मी पाहिले आहेत. परक्या भाषेतल्या मेलेल्या लेखकाला आपण जो विश्वास देतो, तो समोर बसलेल्या मुलाला देत नाही.

दुसरी शिस्त याहून कठीण आहे: आपले शब्द घालायचे नाहीत. मी भाच्याचा सराव घेते तेव्हा तो सांगतो आणि मी लिहिते. ब्रिटिश काळातल्या दुष्काळावर त्यानं सांगितलं, "पाऊस पडला नाही म्हणून धान्य महागलं, पण माणसं मेली ती धान्य गाडीनं बाहेर गेलं म्हणून." पुस्तकातलं उत्तर 'दुष्काळाची कारणे पुढीलप्रमाणे' असं सुरू होतं. हात तिकडे वळू पाहतो. तीच भाषा गुण मिळवून देते, हेही माहीत असतं. पण लिहून झालं की तो म्हणतो, "मावशी, परत वाच," आणि एकेक शब्द कान देऊन ऐकतो. मदत घेणाऱ्याला आपलं वाक्य ओळखू आलं पाहिजे. सुधारून दिलेलं वाक्य त्याला गुण देईल, पण तू सांगितलंस ते पुरेसं नव्हतं, हेही त्याच वेळी सांगून जाईल.

पालकांनी विचारायला हवा असा अन्याय खरं तर वेगळाच आहे. तपासणी, प्रमाणपत्र, विशेष शिक्षक हे सारं मोठ्या शहरात आणि ऐपत असलेल्या घरात लवकर पोचतं. चाचण्या बराच काळ इंग्रजीवर बेतलेल्या होत्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, ती अलीकडे. घरी कोरकू किंवा भिली बोलणारं मूल मराठी वाचताना अडखळलं, तर अडचण वाचनाची की परक्या भाषेची, हे सांगणार कोण? त्याच्या वाट्याला बहुधा 'ढ' हे एकच अक्षर येतं.

प्रमाणपत्र येईपर्यंत थांबावं लागत नाही अशाही काही गोष्टी आहेत. प्रश्न एकदा मोठ्यानं वाचून दाखवावा. अडखळणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावू नये. उत्तर तोंडी विचारावं, आणि ते पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.