कंटाळा आला तरी चालेल, पण वाचा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषणे झाली, अभिनंदनाचे फलक लागले आणि ज्ञानेश्वरीचे नाव अर्थातच सर्वांच्या तोंडी आले. हा ग्रंथ मराठी घरांना परका नाही. देवघरात तो लाल कापडात गुंडाळलेला असतो, त्याला हळदकुंकू वाहिले जाते, श्रावणात पारायण होते. सात दिवसांत नऊ हजार ओव्या म्हणजे रोजच्या तेराशेच्या आसपास. त्या वेगात लय अंगात भिनते, आणि तिचे मोल कमी नाही. पण एखाद्या ओवीपाशी थबकावे, पान मागे उलटावे, लेखकाशी वाद घालावा, मध्येच हसू यावे, असे वाचन त्यात होत नाही. ज्ञानेश्वरी न वाचण्याचे कारण विचारले की सगळे जुन्या भाषेकडे बोट दाखवतात. मला वाटते, भाषेचा अडसर लहान आहे. खरा अडसर आदराचा आहे.

भाषेची अडचण खोटी नाही. ग्रंथ शके १२१२चा, म्हणजे १२९०चा. प्रत्यय वेगळे, क्रियापदांची रूपे वेगळी, कित्येक शब्द आज वापरातून गेलेले. पण तीच ती रूपे पुन्हापुन्हा येतात आणि एखादा अध्याय संपेपर्यंत कान सरावतो. सोनोपंत दांडेकरांच्या सार्थ प्रतीसारखी (१९५३) ओवीखाली अर्थ देणारी आवृत्ती हाताशी असली की कोशाची गरजही क्वचितच पडते. मोठ्याने वाचले तर आणखी सोपे जाते, कारण ओवी ऐकण्यासाठीच रचलेली आहे. तीन चरणांचे यमक जुळते, चौथा आखूड चरण श्वास टाकायला जागा देतो.

आजच्या वाचकाची दमछाक होते ती वाक्याच्या बांधणीने. आपल्याला मुद्दा आधी लागतो, उदाहरण मागून आले तरी चालते. ज्ञानदेव उलटे करतात. ‘जैसे’ म्हणून एक दृष्टांत, त्यावर दुसरा, तिसरा, आणि मग केव्हातरी ‘तैसे’. तोवर काय सांगायचे आहे याचा पत्ता नसतो. यावर माझा सरळ उपाय असा, की आधी ‘तैसे’ची ओवी गाठावी, मुद्दा समजून घ्यावा आणि मग मागे येऊन दृष्टांत सावकाश चाखावेत. पारायणाच्या शिस्तीत हे बसत नाही, वाचनाच्या शिस्तीत बसते.

पहिल्यापासून सुरुवात करण्याचाही हट्ट नको. अठराव्या अध्यायात अठराशेच्या आसपास ओव्या आहेत, बाराव्यात अडीचशेही नाहीत. मी नवख्याला तेराव्यातल्या अहिंसेच्या प्रकरणाकडे धाडतो. गीतेने तिथे ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेला एक शब्द दिला आहे, ज्ञानदेवांनी शंभराहून अधिक ओव्या.

सुरुवातच बोचरी आहे. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारायचे, ही कसली अहिंसा, असा त्यांचा रोख. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालावे, भूक भागवायला स्वतःचेच हात तोडून शिजवावेत, देऊळ मोडून देवालाच आवार बांधावे, तसलाच हा प्रकार. मग पाळी आयुर्वेदाची : एक जीव वाचवायला किती वनस्पती उपटल्या, सोलल्या, उकळल्या! भक्तिग्रंथ म्हणून बाजूला ठेवलेल्या पोथीत हा उपरोध सापडला की वाचक सावरून बसतो.

आणि लगेच सूर पालटतो. अहिंसक माणूस चालतो कसा? केसर चुरगळेल या धास्तीने भुंगा कमळावर पाय टेकवतो, तसा. मांजर पिलाला तोंडात धरते तेव्हा दात लागतात न लागतात, तसा. तो बोलू लागतो तेव्हा आधी माया पाझरते, अक्षरे तिच्या मागून येतात. पाय, वाणी, नजर, हात अशी एकेका अवयवाची अहिंसा ते दाखवत जातात. तत्त्वज्ञानातले एक मूल्य इथे चालण्याबोलण्याची रीत होऊन जाते.

माझ्या सर्वांत आवडीची जागा यानंतर येते. लांबण लागली हे लेखकाच्याच ध्यानात येते. हिरवा चारा दिसला की गुरे मागे फिरायचे विसरतात, वाऱ्यासरशी पाखरू आभाळात भरकटते, तसे याचे झाले, असे तुम्ही म्हणाल, असे तो श्रोत्यांना सांगतो. आणि पुढे बजावतो की तसे नाही, विस्ताराला कारण आहे. अहिंसा ही अक्षरे तीनच, पण इतर मते खोडून काढल्याशिवाय तिचा अर्थ उजळत नाही. शिवाय समोर जाणकार बसलेले, रत्नपारख्यांच्या गावात खोटा माल खपवायचा कसा? इतक्या शतकांपूर्वीचा लेखक माझी जांभई आधीच हेरून तिला उत्तर देतो, हा आनंद पूजेतून मिळणारा नाही.

‘पण ग्रंथाला असा हात लावणे बरे का?’ असे कुणी विचारील. त्याला एकनाथांकडे पाठवावे. त्यांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी प्रती पडताळून शुद्ध केली. त्यात पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे, असेही त्यांनी बजावून ठेवले. नाथांहून मोठा भक्त कुठून आणायचा? पण हे काम नुसत्या भक्तीने झाले नसते, त्याला शंका घेणारा, ताडून पाहणारा वाचक लागतो. पुढे १९०९ साली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली प्रत नाथांच्याही आधीची म्हणून छापली आणि तिच्या अस्सलपणावर वाद झडला. त्या वादाने ग्रंथाचे काही बिघडले नाही.

अशा वाचनात खटकणाऱ्या जागाही येणारच. नवव्या अध्यायात भक्तीपुढे जात आणि कुळ फोल ठरतात, आणि अठराव्यात चातुर्वर्ण्याची कर्मे जशीच्या तशी स्वीकारलेली दिसतात. कुणी पहिल्या जागेवर बोट ठेवून ज्ञानदेवांना आजचे समाजसुधारक करतो, कुणी दुसरी दाखवून त्यांना मोडीत काढतो. दोघेही अर्धेच वाचतात. आपल्या काळाच्या पुढे गेलेला माणूस त्याच काळात अडकलेलाही असू शकतो, हे एका पुस्तकात एकत्र पाहायला मिळणे हा अभिजात वाचनाचा त्रास आहे आणि लाभही. देव्हाऱ्यातल्या पोथीशी असे भांडता येत नाही, टेबलावरच्या पुस्तकाशी येते.

तेव्हा रोज वीसेक ओव्या, मोठ्याने, हातात पेन्सिल घेऊन. आवडले तिथे खूण करावी, पटले नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकावे. कंटाळा आला तर खुशाल मिटून ठेवावे, लेखकाने तेही गृहीत धरले आहे.