धान्याची सुरा, धरणाचे पाणी

शनिवार-रविवार गाठून गावोगावचे लहान बिअर कारखाने पाहत हिंडण्याच्या नव्या हौसेत पाप नेमके कोठे शोधावे, या प्रश्नाला धर्मशास्त्राचे उत्तर पदार्थाकडे बोट दाखवते: मनुस्मृती गौडी म्हणजे गुळाची, पैष्टी म्हणजे पिठाची आणि माध्वी म्हणजे मधाची वा मोहाची असे सुरेचे तीन प्रकार मानते आणि सुरा हा अन्नाचा मळ म्हणून सुरापान महापातकांत घालते. मोड आणून वाळवलेल्या सातूची बिअर ही पैष्टीचीच नातलग ठरेल. बौद्ध पंचशीलातील पाचवे शील मात्र मद्य वर्ज्य करताना प्रमादाचे, म्हणजे भान सुटण्याचे, कारण देते. ही कसोटी अधिक सरस, कारण ती भांड्यातल्या द्रव्याकडे नव्हे तर पिणाऱ्याकडे पाहते.

पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या मोसंबीच्या गावी दोन्ही उत्तरे अपुरी पडतात, कारण तेथे प्रश्न पाण्याचा आहे. बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना ते जायकवाडी धरणातून मिळते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मद्यउद्योगाच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. अशा वर्षी पाचोडला टँकरच्या पाण्यावर मोसंबीची झाडे कशीबशी जगवावी लागतात. काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती करणारे संत एकनाथ याच तालुक्यातील पैठणचे, आणि त्या कथेत पाणी पवित्र की अपवित्र हा वाद उरतच नाही. उरतो तो आधी कोणाची तहान, एवढाच.