अर्धवट विषाचा दोष

धान्याला कीड लागली म्हणजे गृहिणी ते उन्हात पसरते, पाखडते, निवडते आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा डब्यात भरते. त्यात चार सोंडे तिच्या हातून निसटले, तरी नुकसान व्हायचे ते तिच्याच घराचे होते. परंतु हेच काम हजारो पोत्यांच्या गोदामात विषारी वायूने होऊ लागले, म्हणजे निसटलेल्या किड्याचा प्रश्न कोठीचा न राहता नीतीचा होतो. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

गोदामातील थप्पीवर आच्छादन घालून आत अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. हा उपाय स्वस्त आहे आणि योग्य रीतीने केल्यास धान्यात विषाचा अंश फारसा उरत नाही; म्हणूनच गरीब देशांच्या अन्नसाठ्याची भिस्त त्यावर आहे. तथापि हा वायू सावकाश मारतो. अंडी व कोष यांचा नाश व्हावयाचा, तर तो पुरेशा प्रमाणात कित्येक दिवस कोंडून राहिला पाहिजे. आच्छादनास भोक असले, त्याच्या कडा जमिनीशी नीट दाबलेल्या नसल्या, किंवा माल हलविण्याच्या घाईने ते लवकर काढले, तर दुर्बल किडे तेवढे मरतात. ज्यांच्या अंगी उपजतच थोडी सहनशक्ती असते, ते वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. विष ही शक्ती उत्पन्न करीत नाही. ते केवळ निवड करते.

ही गोष्ट नवी नव्हे. विषाला किडे दाद देईनासे होतात की काय, हा प्रश्न मेलँडर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने 1914 सालीच, फळबागांतील खवलेकिडीच्या संबंधात, उपस्थित केला होता. धान्यातील किडींसंबंधी जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1972-73 साली केलेल्या पाहणीत फॉस्फीनला दाद न देणारे किडे अनेक देशांत आढळले. 1983 साली बांगलादेशातील गोदामांविषयी जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यातही गळक्या आच्छादनाखालील वारंवारच्या धुरीशी या प्रतिकाराचा संबंध जोडलेला होता. भारतातील तांबड्या भुंगेऱ्यांतही तो दिसून आला आहे. दाणे पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यात तर दोन आनुवंशिक दोषांचा योग जुळला, की त्याची सहनशक्ती दोनशे पटींहून अधिक वाढते. एकेकट्या दोषाने ती पुष्कळ कमी असते. अर्धवट धुरीतून वाचलेल्या किड्यांच्या संगमाने हा योग जुळण्यास वाव मिळतो.

आता प्रश्न असा की, या अनर्थाचे दायित्व कोणाकडे जाते? ज्याने एक भोक बुजविले नाही, त्याने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. त्या एका भोकाने जगाचे काही बिघडलेही नसेल. पण असे प्रत्येकजण म्हणतो, आणि प्रत्येकाच्या खरेपणातूनच सर्वांचे खोटे निष्पन्न होते. शिवाय पोत्यांबरोबर किडे गावोगाव जातात. तेव्हा एकाच्या आळसाचे फळ अशा माणसाच्या पदरात पडते, की ज्याने ते गोदाम पाहिलेलेही नसते. किड्यांचे विषापुढे दुर्बल असणे ही एक प्रकारे सर्वांची सामाईक ठेव आहे. ती उधळणाऱ्यास मात्र आपण काही खर्च केला असे वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल, राबणाऱ्या हमालास नीतीचे पाठ देण्यात काय अर्थ? हा आक्षेप मला मान्य आहे. फाटके आच्छादन त्याच्या हाती देणारा, सात दिवसांचे काम तीन दिवसांत उरकावयास सांगणारा, आणि कागदावर ‘धुरी दिली’ असे लिहून समाधान मानणारा, हे खरे उत्तरदायी होत. नकळत झालेल्या चुकीस क्षमा असते. परंतु शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी दिलेली सूचना ज्यांच्यापर्यंत पोचावयास हवी होती, त्यांनी अज्ञानाची सबब सांगू नये. दुसरे साधनही सहज हाताशी राहिलेले नाही. मिथिल ब्रोमाईड हा वायू ओझोनच्या थरास घातक म्हणून माँट्रिअल करारान्वये, निर्यातपूर्व व विलगीकरणाच्या कामाखेरीज, प्रगत देशांत 2005 साली व विकसनशील देशांत 2015 साली बंद झाला.

अर्धा कठोरपणा म्हणजे थोडी दया, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. येथे ती सपशेल खोटी ठरते. अर्धवट विषाने मरावयाचे ते किडे मरतातच, आणि पुढच्या पिढीवर अधिक विष ओतण्याची पाळी येते. म्हणून मारणे अपरिहार्य असेल, तर ते क्वचित, पुरेसे आणि काळजीपूर्वक असावे. एरवी धान्य नीट वाळविणे, फटी बुजविणे व कोपरे झाडणे यांतच शहाणपण आहे. ज्या गृहिणीचा उल्लेख मी आरंभी केला, ती हेच करीत आली आहे. तिच्या दक्षतेला कोणी मोठे नाव दिले नाही. पण गोदामाच्या मालकाने तिच्यापासून घ्यावयाचा धडा तोच आहे.