वासराच्या वाटणीचं

वसुबारसेची कहाणी लहानपणी पहिल्यांदा ऐकली, त्या रात्री मला झोप आली नव्हती. सासू शेतावर जाताना सुनेला सांगते, गव्हाळं-मुगाळं शिजवून ठेव. तिच्या मनात गहू आणि मूग. पण गोठ्यात गव्हाळी-मुगाळी वासरंही असतात, आणि नवखी सून तीच कापून शिजवते. सासू घरी येते, भांड्यावरचं झाकण काढते आणि देवापुढे जाऊन बसते. सांजेला गाई हंबरत परततात तेव्हा वासरं जिवंत होऊन उड्या मारत लुचायला धावतात. म्हणून त्या दिवशी गहू-मूग चालत नाहीत, दूध-तूपही नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी.

या कहाणीत गाय जवळजवळ काहीच करत नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. जीव जातो आणि परत येतो तो वासराचा. आश्विन वद्य द्वादशीला पूजा होते तीही नुसत्या गाईची नव्हे, सवत्स धेनूची. आणि एक दिवस दूध सोडायचं म्हणजे तरी काय, तर ज्याचं त्याला पिऊ द्यायचं.

आमच्या आजीच्या गोठ्यात हा हिशेब रोजचा होता. आधी वासरू सोडायचं. ते कासेला ढुशा द्यायचं, गाय त्याला चाटायला लागायची आणि पान्हा उतरायचा. मग त्याला ओढून गाईच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि चरवी गुडघ्यांत धरून धार काढायची. चारांतल्या एका सडाला आजी हात लावत नसे. चहाला दूध कमी पडलं म्हणून चुलत्यांनी एकदा तेही पिळलं, तर दिवसभर ती त्यांच्याशी बोलली नाही. गोसेवा हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. पहाटे शेण काढणं, गव्हाण झाडणं, भाकड गाईपुढेही पेंड ठेवणं, या सगळ्याला ती ‘गुरांचं करणं’ म्हणे.

गाईच्या पावित्र्याची मुळं आपण पोथ्यांत शोधतो, तेहतीस कोटी देव मोजतो. कुणब्याच्या घरी त्या पावित्र्याला आणखी एक टेकू होता, तो म्हणजे बैल. खिल्लार गाय दुधाची नव्हेच. वासरू पिऊन उरेल ते घरापुरतं. पण तिच्या पोटचा खोंड खरसुंडीच्या जत्रेत उभा राहिला की घराची मान ताठ व्हायची. नांगर, मोट, गाडी, मळणी, सगळं त्याच्या खांद्यावर. गाय आई होती ती त्याची आई म्हणून. आपण नंतर तिला आपली आई म्हणू लागलो, असं माझं मत आहे. शास्त्री मंडळी रागावतील.

तो टेकू ट्रॅक्टरने काढला आणि उरलेलं काम संकरित गाईने केलं. यातली गंमत अशी की संकराची मोठी चळवळ गांधींच्याच माणसाने उभी केली. मणिभाई देसाई 1946 मध्ये गांधींबरोबर उरुळीकांचनला आले आणि तिथलेच झाले. 1967 मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि जर्सी-होल्स्टीनचं गोठवलेलं वीर्य खेडोपाडी शेतकऱ्याच्या दारात पोचवलं. त्यावर कित्येक घरांची चूल पेटली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण जू टेकतं ते वशिंडापुढे, आणि जर्सीच्या रक्ताबरोबर वशिंडच जवळजवळ जातं. असा संकरित खोंड उन्हात धापाही टाकतो. त्याचं करायचं काय, याचं उत्तर दुधाच्या हिशेबात नव्हतं.

आता कालवड झाली की पेढे, खोंड झाला की सुस्कारा. चीक पाजला तर पाजला. त्याला कोणी मारत नाही, नुसतं पाजत नाहीत. अलीकडे लिंगनिश्चित वीर्याच्या कांड्या आल्या आहेत, दहांतल्या नऊ वेळा कालवडच. गव्हाळी-मुगाळी आता गर्भाआधीच वगळता येतात.

1976 च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येला बंदी होतीच. 2015 मध्ये ती बैल-वळूंनाही लागू झाली. सुरी थांबली असेल, पण भूक कुठल्या कलमात बसवायची? बाजारात गिऱ्हाईक नाही, दावणीला वैरण नाही, मग अंधारात दावं सोडून दिलं जातं आणि सकाळी दुसऱ्याच्या ज्वारीत खोंड उभा दिसतो. सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाय ‘राज्यमाता’ झाली, गोशाळांना गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरलं. ते गोशाळेला. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेल्या भाकड गाईला नाही.

गाईवरून सावरकर विरुद्ध गांधी हा सामना दिवाळी अंकांनी इतक्यांदा खेळवला आहे की मी त्यात पडत नाही. पण 1924 मध्ये बेळगावच्या गोरक्षा परिषदेचं अध्यक्षपद घेणाऱ्या गांधींचा भर पुढे रक्षणापेक्षा सेवेवर आला, तो मला महत्त्वाचा वाटतो. रक्षण दुसऱ्यापासून करायचं असतं. सेवेत शेणात हात आपलाच जातो. वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चाललं, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं. गाय जगवायची तर मेलेल्या गाईचंही मोल झालं पाहिजे, हा रोखठोक हिशेब त्यामागे होता. जमनालाल बजाजांनी तर अखेरचे महिने तिथल्याच गोपुरीत याच कामाला वाहिले. आजच्या किती गोभक्तांना गोठ्याशेजारी चर्मालय चालेल?

गेल्या वसुबारसेला आमच्या सोसायटीत टेम्पोतून गाय-वासरू आणलं होतं. पाटावर निरांजन, ताटात बाजरीची भाकरी, बायकांची रांग. वासरू सारखं कासेकडे जाई आणि गाय लाथ झाडी. दोनदा निरांजन उलटता उलटता राहिलं.

“हिला झालंय काय?” मी गाईवाल्याला विचारलं.

“वासरू हिचं न्हाई, काका,” तो दावं आवळत म्हणाला. “शेजारच्या गोठ्यातनं आणलंय, पूजेपुरतं. हिला खोंड झाला होता.”

पुढच्या बाईंनी पदर सावरला आणि वासराच्या कपाळाला कुंकू लावलं.