लाईट बिलाचा चौथा हिस्सा

चार जण एका खोलीत राहतात आणि महिनाअखेर लाईटच्या बिलावरून एकमेकांच्या गचांडीला हात घालतात, ही गोष्ट किरकोळ समजू नका. साकोलीत अशा खोल्या आहेत. कॉलेजची पोरं, भरतीची तयारी करणारी, राईस मिलमधी पोती उचलणारी. रोवणी लागली की एखादा महिनाभर गावाला जातो. परत येतो तर बिल हजर. तो म्हणतो, 'मी त होतोच नाही, मंग कायले देऊ?' बाकीचे म्हणतात, 'समता म्हंजे चार हिस्से.'

दोघंही अर्धंच बोलतात. बिल नीट वाचा. त्यात स्थिर आकार असतो. बटण दाबा की नका दाबू, तो पडतोच. मीटर चौघांचं, म्हणून तो चौघांचा, रोवणीला गेलेल्याचाही. उरले युनिट. शंभर युनिटपर्यंत एक दर, त्यावरच्या युनिटांना चढा. मे महिन्यात रात्रभर चालणारा कूलर आकडा शंभरापार नेतो. कूलरवाला म्हणतो, हवा सगळेच खाता. खरं आहे. पण ज्यानं कूलर मागितलाच नव्हता, त्यानं काय नाक दाबून झोपायचं? कूलर आणण्याआधी त्याला विचारलं होतं का, हा खरा सवाल.

आणि रोज चौघांचा भात जो शिजवतो, त्याचा घाम कोणत्या युनिटात मोजता? ह्यावर खोलीत कधी कोणी तोंड उघडत नाही.

मग मत घ्या, असं कोणी म्हणेल. घ्याच. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान सगळं ठाऊक होतं. निकाल लागलेला विषय पुन्हा न उकरण्याचा नियमसुद्धा. खोलीत हा शेवटचा नियम लावला तरी अर्धी भांडणं मिटतील. पण त्याच भाषणात त्यांनी दुसरंही सांगितलं. मत सारखं आणि खिसा विषम, ही विसंगती. तिघांना घरून पैसे येतात, चौथा पोती उचलून कमावतो. तीन विरुद्ध एक मतानं त्याच्यावर कूलर लादला, तर त्याला मी लोकशाही म्हणणार नाही. त्याला मुदत द्या. वहीत लिहा, चारचौघांत बोलून दाखवू नका. फुकट मात्र देऊ नका. त्यालाही ते नको असतं.

एक भांडण मात्र वहीनं सुटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्या माणसांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपली थुंकी चालत नव्हती. पगार जास्त होता तो त्याच खात्यात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. आजही एखादा पार्टनर हळूच म्हणतो, 'गॅस वेगळा करू, हिशोब सोपा होईल.' आठ दिवसांनी ताट वेगळं, मग माठ वेगळा. तिथं बेरीज-वजाबाकी करत बसू नका. वही मिटा आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, गॅसचा हिशोब समजला, माठाला कोणतं बिल येते बा?